रोज सकाळी टॅरोचा एक पत्ता : आत्मपरीक्षण की निर्णय टाळण्याची सबब?

विचक्षण
टॅरो म्हणजे भविष्य जाणण्यासाठी काढले जाणारे चित्रांचे पत्ते. ‘रोज सकाळी टॅरोचा एक पत्ता काढा, दिवसाची दिशा तोच दाखवील आणि आयुष्य मार्गी लागेल’, अशा आशयाचे लेखन परवा येथे आले आणि त्याखाली नुसता कौतुकाचा वर्षाव झाला. दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीने नोकरी सोडावी की नाही, हा एकच प्रश्न दीड वर्ष या पत्त्यांना विचारला. एकदा मी समोरच बसलो होतो. तिने पत्ते पिसले आणि ‘एट ऑफ कप्स’ निघाला : रचलेल्या आठ पेल्यांकडे पाठ फिरवून, चंद्राच्या उजेडात काठी टेकत निघालेला माणूस. तिने तो पत्ता परत गड्डीत सरकवला, “आज मन लागत नाहीये” म्हणाली आणि पुन्हा पिसायला घेतले. तिसऱ्या खेपेस मनासारखा पत्ता आला, तेव्हाच कॅट मिटला. उत्तर तिला ठाऊक होते. पत्त्यांनी तिला ते लांबणीवर टाकण्याची सोय करून दिली.

‘रीडिंग (पत्त्यांवरून सांगितलेला अर्थ) अगदी तंतोतंत लागू पडले’ असे सांगणाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांचा 1948 सालचा प्रयोग आठवावा. त्यांनी 39 विद्यार्थ्यांना ‘तुमचे व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकच मजकूर वाटला, आणि प्रत्येकाने तो स्वतःचाच समजून पाचपैकी सरासरी चारहून अधिक गुण दिले.

निशिगंध
आपल्या बहिणीचा अनुभव आपण सरसकट सर्वांच्या माथी मारत आहात, याचा मला संताप आला आहे. आई गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात मी ‘फाइव्ह ऑफ कप्स’ काढला. काळा झगा पांघरलेला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे पाहत उभा आहे. तो पत्ता मी आठवडाभर टेबलावर ठेवला होता, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी त्याच्या पाठीमागचे दोन उभे पेले मला प्रथमच दिसले. त्या संध्याकाळी मी धाकट्या भावाला फोन केला. आईच्या दिवसांनंतर आम्ही बोललोच नव्हतो. यात कोणते भविष्य होते? फोरर यांचा मजकूर सर्वांना सारखाच होता, तसे हे चित्रही सर्वांसाठी सारखेच आहे, हे मला मान्य आहे. परंतु त्यात मला काय दिसले, ते माझे होते.

ऋतुपर्ण
मूळ लेखातील ‘टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचे ज्ञान’ या वाक्याला कोणीच हरकत घेतलेली नाही, याचे आश्चर्य वाटते. टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मलेला पत्त्यांचा खेळ आहे आणि फ्रान्समध्ये तो आजही खेळला जातो. इजिप्तची कथा कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने 1781 मध्ये रचली, आणि इजिप्तची प्राचीन चित्रलिपी उलगडली ती 1822 मध्ये. म्हणजे ज्या लिपीचे एक अक्षरही कोणाला वाचता येत नव्हते, तिच्यातले ज्ञान म्हणून हे पत्ते खपवले गेले. पायाच खोटा असेल, तर त्यावर उभारलेल्या उपदेशाचे मोल ते काय?

रेषा
इतिहास सांगायचाच, तर पुरता सांगावा. निशिगंधताईंना जे दोन पेले दिसले, ते पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढले. 1909 च्या त्या संचाला लोक अजूनही ‘रायडर-वेट’ म्हणतात : एक प्रकाशक, दुसरा लेखक, आणि चित्रे काढणारी बेपत्ता. काम फार मोठे आणि पैसे अगदी थोडे, असे तिने स्वतःच पत्रात लिहिले आहे. त्यापूर्वीच्या बहुतेक संचांत पाच पेल्यांच्या पत्त्यावर केवळ पाच पेले असत; ना माणूस, ना पूल, ना नदी. आज ज्याला आपण आत्मपरीक्षण म्हणतो, ते बव्हंशी तिच्या कुंचल्यामुळे शक्य झाले आहे.

ऋतुपर्ण
मानधनाचा प्रश्न येथे गैरलागू आहे. चर्चा पत्त्यांच्या सत्यतेची आहे.

रेषा
मुळीच गैरलागू नाही. चित्राला सत्य-असत्याची कसोटी लावताच येत नाही, एवढेच मी सांगते आहे, आणि आपण तेच ऐकून घ्यायला तयार नाही. इजिप्तची थाप गेली म्हणून चित्र पुसले जात नाही.

ऋतुपर्ण
ठीक आहे. चित्रकर्तीचे नाव घ्यायला हवे होते, हे मान्य करतो. बाकी काहीही मान्य करत नाही.

विचक्षण
निशिगंधताई, आपण भावाला फोन केलात, हे चांगलेच झाले, आणि त्यात पत्त्याचा वाटा होता हे मी नाइलाजाने स्वीकारतो. मात्र आपण ‘मला काय दिसते’ असे विचारलेत. माझी बहीण ‘काय होणार’ असे विचारत होती. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा पिसून बदलत नाही. परवाच्या लेखाने वाचकांना दुसराच प्रश्न शिकवला आहे, म्हणून मी इतका चिडलो. मन कमकुवत असते, तेव्हा माणूस पहिल्या प्रश्नावरच थांबेल याची हमी आपण देऊ शकता का?

निशिगंध
नाही, देऊ शकत नाही. आईच्या आजारपणात, शेवटच्या आठवड्यात, मी ‘थ्री ऑफ स्वॉर्ड्स’ काढला होता : पावसात तीन तलवारी आरपार गेलेले हृदय. मी तो पत्ता गड्डीत खोल खुपसला आणि पुन्हा पिसायला घेतले.