ईएआर ठेवू की एकच वॉर करू? मॉड्यूल जोडण्याबद्दल सल्ला हवाय

कोडकरी:
नमस्कार मंडळी, जरा अडकलोय. ऑर्डर आणि बिलिंगचं ॲप आहे, जावामध्ये, दोन ईजेबी जार (सर्व्हरवरच्या कामाच्या कोडच्या फाइल), दोन वॉर (वेब पानांचे भाग, एक ग्राहकांसाठी, एक ॲडमिनसाठी), सगळं एका ईएआरमध्ये, म्हणजे हे भाग एकत्र बांधणाऱ्या मोठ्या फाइलमध्ये. माझ्या मशीनवर व्यवस्थित चालतं पण टेस्टला ॲप सर्व्हर वेगळा आहे, तिथे डिप्लॉय होतं आणि बिलाचं पान उघडलं की क्लासकास्ट एक्सेप्शन, तेही असं की बिलिंगसर्व्हिसला बिलिंगसर्व्हिसमध्ये कास्ट करता येत नाही!! नाव तेच, पॅकेज तेच, मग अडतंय कुठे? टीममध्ये अर्धे म्हणतात ईएआर मोडून एकच वॉर करा, अर्धे म्हणतात आहे तेच नीट करा. तुम्ही काय कराल?

पाऊलवाट:
आधी ईएआर अनझिप कर, आतल्या वॉर आणि जारपण उघड आणि त्या इंटरफेसची क्लास फाइल किती ठिकाणी आहे ते मोज. एकापेक्षा जास्त सापडणार बघ. जावाच्या लेखी क्लास म्हणजे नुसतं नाव नाही, नाव आणि तो लोड करणारा क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा भाग) हे दोन्ही मिळून एक क्लास. इंटरफेस ईजेबी जारमध्ये आहे आणि मेव्हनने (बिल्ड करणाऱ्या टूलने) त्याचीच कॉपी वॉरच्या वेब-इन्फ/लिबमध्ये टाकली की बऱ्याच सर्व्हरवर वॉर आधी स्वतःच्या लिबमध्ये बघते, बीन (सर्व्हर सांभाळतो तो ऑब्जेक्ट) येतो दुसऱ्या लोडरकडून, मग कास्ट कसं होणार. तुझ्या मशीनवरचा सर्व्हर आधी पॅरेंट लोडरला (वरच्या, सामायिक लोडरला) विचारत असेल म्हणून तिथे कळलं नाही. जावा ११ किंवा पुढचं असेल तर एररचा मेसेज शेवटपर्यंत वाच, कंसात दोन्ही लोडरची नावं असतात.

उपाय सांगतो. इंटरफेस आणि इकडून तिकडे जाणारे डेटा क्लास यांची एक वेगळी जार कर आणि ती फक्त ईएआरच्या लिब फोल्डरमध्ये ठेव. जावा ईई ५ पासून त्या फोल्डरमधल्या जार सगळ्या मॉड्यूलना दिसतात, त्याआधी प्रत्येक मॉड्यूलच्या मॅनिफेस्टमध्ये (माहितीच्या फाइलमध्ये) क्लास-पाथ लिहीत बसावं लागायचं. वॉरमध्ये ती डिपेंडन्सी प्रोव्हाइडेड कर, नाहीतर मेव्हनच्या ईएआर प्लगइनमध्ये स्किनी वॉर चालू कर, म्हणजे वॉरमध्ये तिची कॉपी जाणार नाही. एक मात्र लक्षात ठेव, दिसणं एकाच दिशेने आहे, लिबमधल्या जारला वॉरमधले क्लास दिसत नाहीत. त्यामुळे सोय म्हणून सगळंच लिबमध्ये ढकलू नकोस, मी ते केलंय आणि मग नोक्लासडेफफाउंड शोधण्यात आख्खा आठवडा गेलाय.

शिदोरी:
मी एका वॉरच्या बाजूची आहे. जावा ईई ६ पासून, म्हणजे २००९ पासून, ईजेबी थेट वॉरमध्ये ठेवता येतात, एकच लोडर, हा घोळच उरत नाही. पण तुमच्या दोन वॉर आहेत म्हणून आधी हे ठरवा की ॲडमिनची वॉर वेगळी का आहे? ईएआरमध्ये असताना त्या तशाही एकत्रच डिप्लॉय होतात. नुसती स्क्रीन वेगळी म्हणून असेल तर वेगळा पाथ आणि वेगळा रोल देऊन एकाच वॉरमध्ये आणा. सेशन किंवा लॉगिनची पद्धतच वेगळी असेल तर मात्र ईएआर मोडू नका. कारण दोन सुट्या वॉर केल्या की प्रत्येकीत सिंगलटन बीनची (ॲपमध्ये एकच असणाऱ्या बीनची) आपापली कॉपी, टायमर दोनदा चालणार, आणि बिलं बनवणारा टायमर दोनदा चालला तर काय होईल ते सांगायला नको. लोकल इंटरफेसवरचे कॉलही दोन ॲपमध्ये चालतीलच अशी खात्री नाही, मग रिमोट करा, सगळं सिरियलायझेबल (बाइट्स करून पाठवता येईल असं) करा, काम वाढतच जातं.

कोडकरी:
इंटरफेस तीन ठिकाणी सापडला! दोन्ही वॉरमध्ये आणि ईजेबी जारमध्ये. वेगळी जार केली, लिबमध्ये टाकली, बिलाचं पान उघडलं, खूप खूप आभार. ॲडमिनचं लॉगिन खरंच वेगळं आहे त्यामुळे ईएआर ठेवतोय. पण आता नवीनच, नव्या बिल्डमध्ये ईएआरच्या नावात व्हर्जन नंबर आला आणि जेएनडीआय लुकअप (नावावरून बीन शोधणं) फेल, नाव सापडत नाही म्हणतो. कोड एक ओळ बदललेला नाही.

पाऊलवाट:
लुकअप जावा कोलन ग्लोबलने सुरू होतो ना? त्यात पुढे ॲपचं नाव, मग मॉड्यूलचं नाव, मग बीन. ॲपचं नाव तू दिलं नसशील तर सर्व्हर ईएआरच्या फाइलचं नाव घेतो, व्हर्जन बदललं की नाव बदललं. ॲप्लिकेशन डॉट एक्सएमएलमध्ये ॲप्लिकेशन-नेम लिहून टाक. ईजेबी जारचंही तसंच, तिथे मॉड्यूल-नेम लिही. आणि एकाच ईएआरच्या आत असशील तर ग्लोबल लागतच नाही, सरळ इंजेक्शन कर, म्हणजे सर्व्हरच बीन आणून देईल. एकाच इंटरफेसचे दोन बीन असतील तरच जारचं नाव, हॅश, बीनचं नाव असं लिहून जोड, पण मग त्या जारच्या फाइलनावातही व्हर्जन नको.

कोडकरी:
दोन्ही नावं लिहिली, ग्लोबलचे सहा लुकअप काढून इंजेक्शन केलं. टेस्टवर लागोपाठ दोन वेगळ्या व्हर्जनचे बिल्ड टाकून बघितले, दोन्ही चालले. शिदोरीताई, टायमरवाला मुद्दा टीमला वाचून दाखवला, ईएआर मोडायचं म्हणणाऱ्यांनीही मान्य केलं.