बेडकाची बोटं छाटून त्याचं वागणं कळतं का?

जीवशास्त्राचा मास्तर, यावल:
गेल्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर पाल गावाजवळच्या नाल्यावर मुलांसोबत बॅटरी घेऊन उभा होतो. नर पिवळेधम्मक, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे, नुसता कल्ला. मुलांनी अकरा नर धरले आणि ओळख राहावी म्हणून कात्रीनं प्रत्येकाची दोन-दोन बोटं छाटली. रात्री एकपर्यंत थांबलो. त्या काठावर परत एकही ओरडला नाही. विषय होता नरांच्या ओरडण्याचा! जे बघायला गेलो तेच बंद पाडून आलो. वागणुकीच्या अभ्यासात ही पद्धत थांबवा.

धुळ्याची एमएस्सी:
सर, खूण नसेल तर कालचा नर आणि आजचा नर एकच, हे कशावरून सांगायचं? चिखलात बसलेल्याच्या पाठीचा फोटो काय कामाचा? शिवाय अंगठा आम्ही कापत नाही, मादीला धरायला नराला तोच लागतो. २००४ मध्ये मॅकार्थी आणि पॅरिस या संशोधकांनी दाखवलं की पहिल्या बोटानंतर प्रत्येक जादा बोटामागे बेडूक परत सापडण्याचं प्रमाण ४ ते ११ टक्क्यांनी घटतं. मग एकच बोट कापावं, पद्धतच का टाकायची?

जीवशास्त्राचा मास्तर, यावल:
ताई, 'पहिल्या बोटानंतर' हे शब्द परत वाचा. पहिल्या बोटानं किती नुकसान झालं ते त्यात येतच नाही, कारण न कापलेला बेडूक मोजायचा कसा?

केळीवाला, रावेर:
बोटाचं काय घेऊन बसलात सर? माझ्या बांधावर फवारणी झाली की डबक्यात मेलेली पिल्लं तरंगतात. ते आधी कोणी लिहा.

जीवशास्त्राचा मास्तर, यावल:
भाऊ, तेही लिहायलाच हवं. पण दुसऱ्याचा घाव मोठा म्हणून आपला माफ होत नाही.

नंदुरबारकर:
अभ्यासासाठी नुसता बेडकाचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणंसुद्धा निर्धोक नाही बरं का. पनामात बेडूकखाऊ वटवाघळं नराच्या आवाजावरच झेप घेतात, हे टटल आणि रायन या संशोधकांनी १९८१ मध्ये दाखवलं. आणि एका डबक्यातले बूट, जाळी न धुता दुसऱ्यात नेले तर कातडीचा बुरशीरोग पसरू शकतो. आमच्या गटात हे कोणी सांगितलंच नव्हतं.

धुळ्याची एमएस्सी:
बूट धुण्याचं मान्य. बोटाचं नाही. यंदा पाऊस पडला की दोन रात्री मी येते. दहा नरांची पाठ आणि गळा धुऊन फोटो काढू, दुसऱ्या रात्री तुम्ही ओळखून दाखवा. पाचही ओळखू आले नाहीत तर मी कात्री सोडणार नाही.