मदत हवी आहे: दाढ ठणकतेय, गाल सुजलाय, सरकारीत कुठे दाखवू?

नमस्कार मंडळी, घाईत टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या. आम्ही गोवंडीला राहतो. सासऱ्यांची खालची दाढ पंधरा दिवस झाले ठणकतेय. बाबा वॉचमन आहेत, रात्रपाळी, सकाळी आठला सुटतात आणि दातांची ओपीडी सकाळचीच, म्हणजे झोप मोडून लायनीत उभं राहायचं, मग रात्री डोळा लागतो म्हणून खाडा, नि खाडा पडला की त्या दिवसाचा पगार गेला. त्यापेक्षा मेडिकलवाल्याच्या गोळ्या आणि दाढेत लवंग, झालं! त्यात कुणीतरी डोक्यात भरवलंय की दाढ काढली की नजर जाते.

परवा रात्री दोनला ड्युटीवरूनच फोन आला. ह्यांनी जवळच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं, इंजेक्शन दिलं आणि दाताचं सकाळी या म्हणाले. सकाळी दुखणं थांबलेलं, मग कोण जातंय. आज बघते तर गाल टम्म, खारी चहात बुडवून पण चावता येईना. खाजगीवाल्याने रूट कॅनल आणि कॅपचा आकडा सांगितला तर घरात सगळे गप्प.

चिठ्ठी लागते का? सूज असताना दाढ काढतात का?

प्रतिसाद १: ताई, हार्बरने सरळ सीएसएमटीला उतरा, सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे. नाहीतर मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर डेंटल. आमच्याकडे कुणी चिठ्ठी मागितली नव्हती, केसपेपर काढला नि बसलो. शिकाऊ पोरं बघतात पण वर मोठे डॉक्टर असतात. रूट कॅनलला चकरा पडतील हे धरून चाला. बीपी, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर सोबत न्या.

प्रतिसाद २: मी डेंटिस्ट आहे. नजरेचा काही संबंध नाही. काढायची की आधी पू काढायचा ते तपासून ठरवतात, नुसत्या गोळ्यांनी मुळातला पू जात नाही. गरम शेक देऊ नका. एक करा, बाबांना स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. जात नसतील, किंवा सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरली असेल, थुंकी गिळता येत नसेल, तर ओपीडीची वाट बघू नका, आत्ताच मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.

धागाकर्ती: दोनच जातायत. आणि थुंकी मघापासून रुमालात पुसतायत, आम्हाला वाटलं दुखतंय म्हणून. ह्यांनी रिक्षा थांबवलीय, निघतोय.