मदत हवी आहे: माल्ट शिजवताना तापमान 65 अंशांवर टिकत नाही

नमस्कार मंडळी,

घरी पाव करते. त्यासाठी जवाच्या माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या जवाचं) सिरप घरीच करायचा प्रयत्न चालू आहे. मॅशपर्यंतची (म्हणजे भरडलेला माल्ट गरम पाण्यात मुरवण्यापर्यंतची) कृती बिअरचीच, फक्त पुढे यीस्ट न घालता गोड पाणी गाळून आटवायचं. (बिअर करायची नाहीये. परवान्याशिवाय ती घरी करणं आपल्याकडे दारूबंदी कायद्यात बसत नाही, म्हणून धागा तिकडे नेऊ नये ही विनंती.)

सालासकट जव लालबागहून आणते, पंच्यात बांधून मोड आणते आणि पंख्याखाली वाळवते. पहिल्या खेपेला आईच्या नाचणी सत्वासारखे मोड आलेले जव कढईत खरपूस भाजले होते. दोन तास झाले तरी पातेल्यात नुसती पेज! भाजल्यावर स्टार्चची साखर करणारे एन्झाइम मरतात, हे नंतर कळलं.

आता एन्झाइम जिवंत आहेत, पण तापमान हातात राहत नाही. 1 किलो भरडलेला माल्ट, 3 लिटर पाणी, स्टीलचं पातेलं, गॅस अगदी बारीक. मध्ये 64 दिसतं तेव्हा तळाशी 73 आणि कडेला 59. गॅस बंद केला की अर्ध्या तासात 58, पुन्हा लावला की तळाला लागतं. गेल्या रविवारी दार उघडायला गेले तेवढ्यात 78 झालं. पेज पातळ झाली, पण गोडी फारच कमी.

मला समजलंय ते असं: साखर करणारं बीटा अमायलेज 60 ते 65 मध्ये चांगलं काम करतं आणि 70 च्या वर लवकर मरतं. दुसरं एन्झाइम, अल्फा अमायलेज, 70 च्या आसपास जोरात असतं, पण ते स्टार्चचे मोठे तुकडे करतं. आणि 60 च्या खाली गेलं तर जवाचा स्टार्च नीट फुलतच नाही. म्हणजे मला हवी ती पट्टी जेमतेम चार-पाच अंशांची.

लॅमिंग्टन रोडवर थर्मोस्टॅट मिळतो. त्याला पाणी तापवायचा रॉड जोडून पातेल्यात सोडला तर चालेल का? की इंडक्शन बरं? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद:
ताई, रॉड धान्यात अजिबात सोडू नका. त्याला पीठ चिकटून जळतं, आणि हात घालून ढवळताना शॉकची भीती वेगळीच. इंडक्शनवरही तळ आधी तापणार, म्हणजे अडचण तीच.

उष्णता एकदाच द्या आणि मग कोंडून ठेवा. सहलीला नेतात तो 5 लिटरचा इन्सुलेटेड जग घ्या, उकळतं पाणी घालून दहा मिनिटं तापवा आणि ओतून टाका. मग मोजलेलं गरम पाणी आणि त्यात माल्ट. परदेशी कृतींमध्ये धान्य साधारण 20 अंशांचं धरून पाणी 71-72 चं घ्यायला सांगतात. मुंबईत तुमचं धान्य 30 चं असणार, त्यामुळे 1 किलोला 3 लिटर पाणी 70 चं पुरेल. गुठळ्या मोडून झाकण घट्ट लावा, सारखं उघडून बघू नका. 62 पर्यंत उतरलं तर 300 मिली उकळतं पाणी घालून ढवळा, तीनेक अंश चढेल.

तासाभराने चमचाभर पाणी पांढऱ्या बशीत घेऊन आयोडिनचा थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च बाकी आहे. ते बशीतलं परत जगात ओतू नका.

धागाकर्ती:
मनापासून आभार! काल केलं. पाणी 70 चं, ढवळल्यावर 65, तासाने 63. आयोडिनचा रंग निळा झाला नाही, तपकिरीच राहिला, आणि पाणी इतकं गोड की लेकाने वाटीभर मागून घेतलं.

आता गाळताना अडतंय. मिक्सरमध्ये सालाचंही पीठ होतं आणि पंचा तुंबतो. काय करू?

प्रतिसाद:
दळायच्या आधी माल्टवर हलकं पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबा. साल चिवट होते आणि फुटत नाही. मिक्सर एकसलग न फिरवता थांबत थांबत, दाणा दोन-तीन तुकडे होईल इतकाच फिरवा. गाळताना पंचा पिळू नका. सालाचाच थर बसू द्या, पहिलं गढूळ पाणी त्याच्यावर परत ओता, मग स्वच्छ उतरेल.

धागाकर्ती:
येत्या रविवारी करून बघते आणि इथेच कळवते.