मदत हवी आहे: रॉटवायलरचा परवाना
जळगावात आमच्याकडे तीन वर्षांची रॉटवायलर कुत्री आहे. नसबंदी झालीय, रेबीजची लस दरवर्षी देतो. आजवर कुणाला चावली नाही. फाटक वाजलं की ओट्यावर येऊन नुसती उभी राहते. तरी शेजारच्या काकू नातवाला आमच्या दारावरून जाऊ देत नाहीत, आणि त्यांची भीती मला पटते.

ज्या २३ जातींच्या कुत्र्यांना परवाने देऊ नका असं केंद्राने १२ मार्च २०२४ च्या पत्रात राज्यांना सांगितलं, त्यांत रॉटवायलर होती; कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र एप्रिलमध्ये रद्द केलं. परवान्यासाठी दोनदा चकरा मारल्या, दोघांनी दोन उत्तरं दिली. तोंडाला जाळी, उंच फाटक, सगळ्याची तयारी आहे. तिला सोडून देणार नाही. ते पत्र रद्द झाल्यानंतर महाराष्ट्रात या जातीचा परवाना कुणाला मिळालाय का, आणि कोणती कागदपत्रं लागली?