मदत हवी आहे: बारा किल्ल्यांची कार्डं घरी करतेय, पाठपोट छपाई आणि खेळाचे आकडे, दोन्हीकडे अडलेय

नमस्कार मंडळी,

२०२५च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. बातमी बघून सहावीतली लेक म्हणाली, "आई, यांची कार्डं करूया ना." तिच्याकडे पोकेमॉनची आणि क्रिकेटपटूंची कार्डं डबा भरून आहेत. मलाही आमच्या वेळची कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं आठवली. "उंची?", "वजन?" असं विचारायचं, ज्याचा आकडा मोठा त्याने दोन्ही कार्डं उचलायची. तसाच खेळ किल्ल्यांचा करायचा ठरलं.

कार्डाचा आकार नेहमीचा, ६३ बाय ८८ मिलिमीटर. चित्रं मी हातानेच काढली, शाई आणि जलरंगात, कार्डाच्या दुप्पट आकारात, मग ६०० डीपीआयला स्कॅन. सगळ्यात जास्त दिवस सिंधुदुर्गाने घेतले. त्याचा तट सरळ जातच नाही, सारखा आतबाहेर वळतो, आणि दरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत असा दडवलेला आहे की समोरून काढला तर चित्रात तो दिसतच नाही. शेवटी होडीतून अगदी जवळ आल्यावर दिसतो तसा काढला. लोहगडाला अख्खा विंचूकाटा (विंचवाच्या नांगीसारखी लांब, अरुंद माची) हवा म्हणून तेवढं एकच कार्ड आडवं आहे.

आता अडचणी.

पहिली छपाईची. ३०० जीएसएम (म्हणजे चांगल्या जाड) आर्ट कार्डवर १२ बाय १८ इंची शीट डिजिटल प्रिंट करून घेतली. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) धरून एका शीटवर अठरा कार्डं बसतात. बारा किल्ले आणि सहा जागा रिकाम्या, तिथे मी सध्या आधीचेच सहा किल्ले परत टाकलेत. मागच्या बाजूला भगवी चौकट आहे, सगळीकडून सारखी ३ मिलिमीटर. कापून हातात आली तेव्हा कुठे डावीकडे दोन आणि उजवीकडे चार, कुठे वरची चौकट जवळजवळ गायब. लेकीने दुसऱ्याच डावात पाठीवरून रायगड ओळखला! प्रिंटवाले म्हणतात, पाठपोट छपाईत मिलिमीटरभर इकडेतिकडे होणारच. खरंच यावर इलाज नाही का? शिवाय स्क्रीनवर निळाशार दिसणारा समुद्र छापल्यावर जांभळट आला. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, चारही कार्डं त्यात गेली.

(पहिल्या खेपेला अक्षरंही बिघडली होती. त्यांच्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली आणि सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, तिन्हींचे रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले. ते सुटलंय. मजकुराचे कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांची चित्रं करून) मग पीडीएफ द्यायची. आणि बारीक मजकूर इंग्रजीच्या मापाने ठेवू नका, जोडाक्षरं भरून येतात. मी मुक्ता फॉन्ट साडेआठ पॉइंटला वापरलाय, ओळींमध्ये जागा थोडी जास्त सोडून. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिलं.)

दुसरी अडचण मला जास्त छळतेय. आकडा कसला द्यायचा? उंची घेतली तर १५६७ मीटरवाला साल्हेर कायम जिंकतो. रायगड ८२० मीटरचा, तो राजधानी असून मधेच लटकतो. आणि समुद्रातले किल्ले बिचारे प्रत्येक डावात हरतात. लेकीचा सगळ्यात लाडका सिंधुदुर्ग, मालवणच्या किनाऱ्यावरून बघितलेला. तीनदा हरल्यावर तिने ते कार्ड वेगळं काढून ठेवलं. मला मनाने रचलेले "शौर्य ९०, बळकटी ८५" असले गुण द्यायचे नाहीत. जे लिहीन ते खरं असावं, आणि तरी प्रत्येक किल्ल्याला जिंकायची संधी मिळावी. कसं करू?

---

प्रतिसाद:

ताई, चौकट काढून टाका. मशीन कागद किंचित सरकवणारच, आणि बारीक चौकट असली की तेवढा फरकही लगेच डोळ्यात भरतो. त्याऐवजी कडेच्या बाहेरपर्यंत जाणारी नक्षी घ्या, दगडी तटाची चिरेबंदी छान दिसेल. मिलिमीटर सरकली तरी कळत नाही. समुद्रासाठी फाइल आधीच सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत) न्या आणि निळ्यातला मजेंटा (गुलाबी शाई) कमी करा, सायनपेक्षा (निळ्या शाईपेक्षा) निदान तीस टक्क्यांनी खाली. एकाच शीटवर पाच-सहा निळ्यांच्या पट्ट्या छापून घ्या आणि त्यातून निवडा.

खेळाचं म्हणाल तर आकडे सोडा. तुमच्या शीटवर सहा जागा उरतातच आहेत, तिथे सहा "प्रसंग" छापा. दोघांनी किल्ला पालथा ठेवायचा, मग प्रसंग उलटायचा. "पावसाळा" निघाला तर समुद्र बंद, शत्रूची गलबतं येऊ शकत नाहीत, बेटावरचा किल्ला जिंकला. "लांबलचक वेढा" निघाला तर जिंजी, १६९० ते १६९८ झुंजत होता. "दाट जंगल" म्हणजे प्रतापगड, १० नोव्हेंबर १६५९ला सैन्य दबा धरून बसलं होतं ते त्याच रानात. "राजधानी"ला राजगड, रायगड आणि राजाराम महाराजांमुळे जिंजीही. उंची हाही एक प्रसंग ठेवा, साल्हेर का नाराज व्हावा?

---

धागाकर्ती:

खूप खूप आभार! त्या सहा जागांकडे मी तीन महिने बघत होते आणि हे सुचलं नाही. काल रात्री वहीच्या पुठ्ठ्यावर प्रसंग लिहून खेळलो. पहिल्याच डावात पावसाळा निघाला आणि सिंधुदुर्गाने साल्हेरचं कार्ड उचललं. लेक आनंदाने ओरडली ती शेजारपर्यंत ऐकू गेली.

चिरेबंदीचं रेखाटन सुरू केलंय, निळ्या पट्ट्या शनिवारी छापून घेईन. आता एक प्रसंग ठरायचा राहिलाय, आणि लोहगड व शिवनेरी अजून कशातच हुकमी जिंकत नाहीत. या दोघांनाही लागू पडेल असं काही सुचतंय का कुणाला? पाण्याची टाकी दोन्हीकडे आहेत, पण ती इतर किल्ल्यांवरही आहेत.