वादळाआधी कौलारू घराची तयारी कशी करावी? (आई-बाबा दोघंच, केळशी)

नमस्कार मंडळी,

केळशीला आमचं जुनं चिऱ्याचं घर. वर कौलं, पुढे पत्र्याची पडवी, मागे माड-पोफळीची वाडी. आई-बाबा दोघंच असतात, मी ठाण्यात.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, वारा ताशी ११०-१२० किलोमीटर. पडवीचे पत्रे विहिरीपलीकडे गेले, एक तर शेजारच्या फणसाला गुंडाळलेला सापडला. पोफळी काडीसारख्या मधोमध मोडल्या. नवीन लावल्यात, पण त्या धरायला सात-आठ वर्षं. चार दिवस फोन लागला नाही, इकडे आम्ही अर्धे झालो. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हापासून मे उजाडला की आईची झोप उडते.

आता विचारायचंय ते असं. पत्रे कसे टिकवायचे? ऐनवेळी घरात बसायचं कुठे? शेजारचे काका म्हणतात, एक खिडकी उघडी ठेवा, वारा पास होतो. खरं का? आणि बाबा (वय ७६) घर सोडायला तयारच नाहीत, त्यांचं काय करू?

प्रतिसाद (दिवेआगरकर):
ताई, खिडकी मुळीच उघडी नको. आत शिरलेला वारा छप्पर खालून उचलतो. पत्र्यांना खिळे असतील तर काढून वायसरचे जे-हुक (इंग्रजी J सारखे वाकडे, नटाने आवळायचे) मारून घ्या, आणि ते एप्रिलमध्येच. मेमध्ये गवंडी-सुतार कोणी मिळत नाही. वर नुसते चिरे ठेवू नका, तेच डोक्यात येतात. सुके झाप (झावळ्या) आणि नारळ आधी उतरवा.

बसायचं तर माजघरात, वर लाकडी माळा असेल तिथे. त्याहून बरं, जवळच्या स्लॅबच्या घरात. वारा एकदम पडला तरी बाहेर येऊ नये. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावर असला तर थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने सुटतो.

वीज जायच्या आत टाकी भरा, मेन स्विच बंद. महिन्याची औषधं, रोख पैसे, कोयता-करवत घरात हवीत. घर-वाडीचे फोटो आजच काढा, पंचनाम्याला लागतात.

आमचे अण्णाही हलत नव्हते. ‘गाय कोण नेणार?’ म्हटल्यावर निघाले.

धागाकर्ती:
गाय नाही हो आमच्याकडे, बोका आहे. बाबांचा लाडका. तेच करून बघते.